‘असता तर’ची इंग्रजी वाट : आदिलाबादच्या मराठी घरांतील एका वाक्याचा इतिहास

परभाषा शिकण्याचा इतिहास लिहिताना शाळा किती निघाल्या, माध्यम कोणते होते, उत्तीर्ण किती झाले, याच गोष्टींची नोंद सहसा होते. शिकणाऱ्याच्या मनात एखादी वाक्यरचना कोणत्या वाटेने उतरली, याची नोंद कोणी ठेवत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एकाच रचनेचा मागोवा घेणार आहोत. ती रचना म्हणजे इंग्रजीतील ‘इफ’चे वाक्य, आणि त्याला लागूनच येणारे ‘विश’चे, म्हणजे मनातील इच्छा सांगणारे वाक्य. आपल्या जिल्ह्यातील मराठी घरांत हे वाक्य तीन पिढ्यांत तीन निरनिराळ्या दारांनी आले. ती दारे कोणती होती, हे आज पाहून ठेवणे अगत्याचे वाटते, कारण त्यांतले सर्वांत जवळचे दार आता मिटत चालले आहे.

प्रथम आपल्या घरातील पुंजी पाहू. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हे संकेतार्थाचे सर्वपरिचित उदाहरण. यात एक गोष्ट झाली नाही, म्हणून दुसरीही झाली नाही, असे दोन्ही नकार एकही नकारार्थी शब्द न वापरता सांगितले जातात. संस्कृत वैयाकरणांनी यासाठी ‘लृङ्’ हा स्वतंत्र लकार मानला आणि क्रिया घडता घडता राहून जाण्याला ‘क्रियातिपत्ती’ असे अन्वर्थक नाव दिले. मराठीने संस्कृतचे ते रूप टाकले, पण भाव टाकला नाही. ‘तो असतो’ म्हटले की वस्तुस्थिती, आणि ‘तो असता’ म्हटले की नसलेली गोष्ट. एका मात्रेच्या फरकावर आपण वास्तव आणि कल्पना यांची सीमा आखतो.

मराठीचे हे व्याकरण आधुनिक पद्धतीने मांडण्यात दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचा वाटा मोठा. पुढे डेप्युटी कलेक्टरच्या पदापर्यंत गेलेल्या या विद्वानाचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर लिंडले मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून त्या मांडणीची कसून चिकित्सा केली. म्हणजे मराठी माणूस इंग्रजी शिकू लागला त्याच काळात तो इंग्रजीच्या आरशात स्वतःची भाषाही पाहू लागला होता. या देवघेवीतूनच ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ या नावाने घरोघर पोचलेली पुस्तके निघाली. त्यांची रीत साधी होती. नियम मराठीत सांगायचा, मग मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करायला लावायची. आज या पद्धतीला कोणी जुनाट म्हणेल. परंतु तिचा एक गुण नाकारता येणार नाही. शिकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून ती आरंभ करीत असे.

आपल्या भागात मात्र ही वाट सरळ नव्हती. आदिलाबाद जिल्हा १९०५ साली अस्तित्वात आला तो निजामाच्या राज्यात. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू, रानात गोंडी, आणि कचेरीत व वरच्या शाळेत उर्दू, अशी भाषांची उतरंड होती. हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, ते उर्दू माध्यमाचे. तेथे इंग्रजी हा आवश्यक विषय होता, पण विज्ञान आणि इतिहासही उर्दूतून शिकवला जाई, आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग चालवला जात होता. अशा वातावरणात शिकलेल्या मराठी मुलाला इंग्रजी ‘इफ’ भेटला तो ‘अगर’च्या बोटाला धरून.

उर्दू व्याकरणकारांनी भूतकाळाचे जे प्रकार केले आहेत, त्यांतील एकाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे : ‘माज़ी शर्तिया’ किंवा ‘माज़ी तमन्नाई’. शर्त म्हणजे अट, तमन्ना म्हणजे मनीची आस. ‘अगर बारिश होती’ हे अटीचे वाक्य आणि ‘काश, बारिश होती’ हे इच्छेचे वाक्य, दोन्हींत क्रियापद तेच, म्हणून दोघांना एकाच घरात ठेवले. अट आणि इच्छा या सख्ख्या बहिणी आहेत, हे तत्त्व इंग्रजीतही तंतोतंत लागू पडते. ‘इफ आय वेअर’ आणि ‘आय विश आय वेअर’ यांत क्रियापद एकच आहे. मराठीत आपण त्याला वेगळे नाव दिले नाही, तरी व्यवहारात तेच करतो. ‘आज वडील असते तर!’ एवढेच म्हणून थांबतो. पुढचे अर्धे वाक्य गाळले की अटीची इच्छा होते. उर्दूतून इंग्रजी शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे अर्ज-विनंत्यांचे इंग्रजी नेटके असे, याचे एक कारण आम्हाला येथे दिसते. त्यांना त्या वाक्याचे मर्म आधीच कळलेले होते. उरला होता तो शब्दांचा प्रश्न.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियाचे माध्यम इंग्रजीकडे वळले आणि उर्दूचे दार हळूहळू लोटले गेले. त्यानंतर आठ वर्षांनी भाषावार प्रांतरचनेचा प्रसंग आला. येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट सांगितली पाहिजे. फाजल अली आयोगाने १९५५ च्या आपल्या अहवालात तेलंगणाविषयी जी शिफारस केली, ती स्वतःच एक ‘जर-तर’चे वाक्य होती. हैदराबादचे उरलेले राज्य तूर्त वेगळे ठेवावे, आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकांनंतर त्याच्या विधिमंडळाने दोन तृतीयांश बहुमताने अनुकूलता दर्शवली, तर आंध्राशी त्याचे एकीकरण व्हावे, असा तिचा आशय होता. ती अट पुरी होण्याची वाट कोणी पाहिली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. खुल्या अटीचे वाक्य एका दिवसात ‘असते तर’च्या रकान्यात गेले.

त्याच दिवशी आपल्या जिल्ह्याची कडही बदलली. किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात नांदेडकडे गेले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. उलट नांदेडकडील मुधोळ, भैंशासह, आदिलाबादेत आला. पैनगंगेच्या अलीकडे राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात तेव्हापासून एक वाक्य कायमचे वस्तीला आले : ‘आपणही तिकडे गेलो असतो तर…’ लग्नकार्यात, पारावर, निवृत्तांच्या बैठकीत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, संकेतार्थ समजावून सांगण्यास आपल्याकडे दुसऱ्या उदाहरणाची गरज पडू नये.

आमची पिढी या बदलानंतर शाळेत गेली. मराठी माध्यम, सोबत तेलुगू, आणि वरच्या वर्गात इंग्रजी. १९६६ च्या राजभाषा कायद्याने तेलुगू ही राज्यकारभाराची भाषा ठरली, तरी आम्ही नोकरीत शिरलो तेव्हा आदेश आणि टिपणे पुष्कळशी इंग्रजीतच असत. त्या टिपणांत ‘इफ’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ यांवाचून पान हलत नसे. जमिनीच्या प्रकरणात ‘अर्जदाराने पुरावा दिला तर’ आणि ‘अर्जदाराने पुरावा दिला असता तर’ यांत केवढे अंतर आहे, हे महसूल खात्यात चार वर्षे काढलेल्या कोणालाही पटेल. पहिल्या वाक्यात प्रकरण चालू आहे; दुसऱ्यात ते निकाली निघालेले आहे.

मराठी विद्यार्थी इंग्रजीत अडखळतो तो नेमका याच जागी, आणि त्याला सबळ कारणे आहेत. आपण म्हणतो, ‘पाऊस पडला तर पेरू.’ होणाऱ्या गोष्टीसाठी आपण ‘पडला’ हे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजी येथे वर्तमानकाळ मागते : ‘इफ इट रेन्स’. मुलगा शब्दास शब्द ठेवून ‘इफ इट रेन्ड, वी विल सो’ असे लिहितो, आणि एक पाय खऱ्यात, दुसरा कल्पनेत, अशी वाक्याची अवस्था होते. दुसरी अडचण अशी की, ‘असता तर… असते’ असे आपण वाक्याच्या दोन्ही अंगांना सारखे रूप देतो. इंग्रजी ‘वुड’ फक्त उत्तरार्धात ठेवते. आपला विद्यार्थी तो दोन्हीकडे ठेवतो. तिसरी अडचण काळाची. ‘आज माझ्याकडे पैसे असते तर घेतले असते’ आणि ‘तेव्हा पैसे असते तर घेतले असते’ यांत मराठी क्रियापद बदलत नाही. ‘आज’ आणि ‘तेव्हा’ हे शब्दच काम भागवतात. इंग्रजीत मात्र पहिल्यास ‘हॅड’ आणि दुसऱ्यास ‘हॅड हॅड’ लागते. चौथी अडचण इच्छेची. ‘तू पास व्हावेस अशी इच्छा आहे’ यातली इच्छा पुरी होऊ शकते, म्हणून इंग्रजीत ती ‘होप’ होय. ‘विश’पुढे भूतकाळ आला की ती गोष्ट हातची गेलेली किंवा हाती नसलेली समजावी.

तेलुगूचे दार वेगळ्या घडणीचे आहे. तेथे ‘जर’साठी स्वतंत्र शब्द लागतोच असे नाही; क्रियापदालाच प्रत्यय लागतो. ‘वान पडिते’ म्हणजे पाऊस पडला तर, आणि ‘वान पडि उंटे’ म्हणजे पाऊस पडला असता तर. तेलुगू व्याकरणात या रूपाला ‘चेदर्थक’ म्हणतात. संस्कृत ‘चेत्’ म्हणजेच आपला ‘जर’. ‘पडि उंटे’ आणि ‘पडला असता’ यांतील साम्य पाहावे : मूळ क्रियापदापुढे दोघींनीही ‘असणे’ आणून बसवले आहे. शेजारणी एकमेकींकडे पाहून पदर घेतात, त्यातलाच हा प्रकार म्हणावा.

मुलाच्या भाषेतून शिक्षणाला आरंभ करावा, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षण योजना सुरू झाली. तिच्यासाठी गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती देवनागरी लिपीत होती. जोडेघाटचा उठाव होऊन जेमतेम तीन वर्षे लोटली होती. गोंड मुलांना त्यांच्या बोलीतून अक्षरे दिल्यावाचून त्यांचा कारभारावर विश्वास बसणार नाही, हे तेव्हाच्या सरकारलाही उमगले होते.

आज काय दिसते? २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू अनिवार्य केली, आणि २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम आले. यात आम्हाला तक्रारीचे कारण दिसत नाही. राज्याची भाषा यावी आणि इंग्रजीही यावी, यात मुलांचे हितच आहे. प्रश्न एवढाच आहे की, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी ‘इफ’ आता कोणत्याही दाराने न येता एकदम अंगावर येतो. त्याला सूत्र पाठ करवले जाते. पण ‘वॉज’ सोडून ‘वेअर’ का, हे कोणी सांगत नाही. ‘होता’ आणि ‘असता’ यांतला भेद त्याच्या जिभेवर आहे, तो त्याला दाखवून दिला की उत्तर मिळाले. हे शाळा करील न करील. आजी-आजोबांना ते करता येण्यासारखे आहे. ‘मी पक्षी असतो तर’, ‘आरसे नसते तर’ असे कल्पनात्मक निबंध आपण शाळेत लिहिले. त्यांतलीच पाच वाक्ये नातवंडांकडून मराठीत वदवून घ्यावीत, मग इंग्रजीत आणि तेलुगूतही करवावीत. दहा मिनिटांचा हा खेळ आहे. त्यातून मुलाचे इंग्रजी सुधारेल, आणि घरातली मराठी केवळ जेवणाखाण्यापुरती न राहता विचाराच्या कामी येईल.

वडीलधाऱ्यांसाठीही या व्याकरणात एक सूचना दडलेली आहे. १९५६ विषयीचे आपले लाडके वाक्य ‘गेलो असतो तर’ हे क्रियातिपत्तीचे आहे. त्यातील क्रिया आता होणे नाही. ‘मुलांना मराठी शिकवली तर’ हे वाक्य मात्र अजून खुले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोहोंत फरक एका ‘असतो’चा. दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध प्रत्येक घराने आपापल्या परीने पुरा करावयाचा आहे, आणि तो वेळेत झाला नाही, तर त्या वाक्यातही ‘असती’ येऊन बसेल.