बडनेऱ्याचा फाटा आणि नकार देणारी यंत्रे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग 1867 साली भुसावळवरून नागपूरला पोहोचला, तेव्हा वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ असलेली अमरावती मार्गाबाहेरच राहिली होती. पुढे तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढण्यात आला आणि बडनेरा जंक्शन झाले. जिथे एका मार्गावरची गाडी दुसऱ्या मार्गात शिरू शकते, तिथे एका माणसाच्या चुकीच्या निर्णयाची किंमत सर्वाधिक असते, आणि रेल्वेच्या सुरक्षिततेचा इतिहास म्हणजे मुख्यतः हा निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती न ठेवण्याचा इतिहास होय.

इंग्लंडात प्रारंभी दोन गाड्यांमधील अंतर घड्याळाने राखले जाई. पुढची गाडी वाटेत अडकली, तर ही पद्धत निरुपयोगी ठरे. आयर्लंडमधील आर्मा येथे 1889 साली सुमारे 80 माणसे अशीच दगावली आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत, म्हणजे दोन ठाण्यांमधील पट्ट्यात एका वेळी एकच गाडी, सक्तीची केली. भारतातील एकेरी मार्गांवर पुढच्या स्टेशनची परवानगी, अर्थात ‘लाईन क्लिअर’, तारेने मागवीत. नंतर आलेल्या नील बॉल टोकन यंत्रात पोलादी गोळा हाच परवाना असे, आणि तो एका टोकाला बाहेर निघाला की दोन्ही टोकांची यंत्रे विजेने बंद होत, त्यामुळे स्टेशनमास्तर कितीही घाईत असला तरी दुसरा गोळा त्याला मिळतच नसे. जॉन सॅक्सबीने 1856 साली पेटंट घेतलेल्या इंटरलॉकिंगमागेही हेच तत्त्व होते: सांधे योग्य दिशेला बसल्याखेरीज सिग्नलचा खटका ओढला जात नाही. ट्रॅक सर्किटने तर बिघाडालाच पहारेकरी केले, कारण रूळ तुटला की त्यातून वाहणारा प्रवाह थांबतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो.

बडनेरा आज मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. तेथील गाड्यांची वाहतूक नियंत्रित करणारा सेक्शन कंट्रोलर वेळ आणि अंतर यांच्या आलेखावर गाड्यांच्या रेषा आखून कोणती मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या मार्गावर, थांबवायची ते ठरवतो. हा आलेख सल्ला देतो, नकार देत नाही. म्हणून वेळापत्रक सावरण्यास तो उत्तम असला तरी टक्कर टाळण्याचा भार त्याच्यावर टाकलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

मात्र नकार देणारे यंत्रही शेवटी कोणीतरी जोडलेले असते. ओडिशातील बहानगा बाजार येथे 2 जून 2023 रोजी मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस मालगाडी उभी असलेल्या लूपमध्ये शिरली आणि 290 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सिग्नलच्या सर्किटमधील फेरबदलांत त्रुटी राहिल्याचे चौकशीत आढळले. त्यामुळे जंक्शनवर आता सिग्नल केबिनमधील माणसाइतकीच, किंबहुना अधिक कडक तपासणी दुरुस्तीनंतरच्या तारजोडणीची व्हायला हवी.