होडी, पाणी आणि सुतार



होडीत पाणी शिरले तर काय करावे, असे एखाद्या शाळकरी पोराला विचारले तरी ते सांगेल, "उपसावे." उत्तर चुकीचे नाही. पण उपसायला भांडे हवे, उपसणाऱ्याच्या अंगात त्राण हवे, आणि शिरणारे पाणी उपशाहून कमी हवे. यांपैकी एकाही गोष्टीची तजवीज पाणी शिरल्यावर करता येत नाही. आज ज्या होडीची हकिगत सांगावयाची आहे, तिच्या बाबतीत ही तजवीज एका सुताराने करून ठेवली होती.

शॅकल्टनचे 'एंड्युरन्स' हे जहाज १९१५ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवाकडच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकले. ऑक्टोबरात ते चिरडले गेले आणि नोव्हेंबरात बुडाले. २८ माणसे तीन होड्यांसह बर्फावर उरली. महिनोन् महिने त्या तरंगत्या बर्फावर काढून १९१६ च्या एप्रिलात ती एलिफंट बेटावर पोचली. बेट निर्मनुष्य, तिकडे कोणी शोधावयास येईल ही आशा नाही. केप हॉर्न आणि फॉकलंड बेटे त्यातल्या त्यात जवळ होती, पण तिकडे जाताना वारा तोंडावर येणार. म्हणून सुमारे ८०० सागरी मैलांवरचे साउथ जॉर्जिया गाठावयाचे ठरले, कारण तिकडे वारा पाठीशी होता. होडी साडेबावीस फूट लांबीची, नाव 'जेम्स केअर्ड'. हे केअर्ड मोहिमेला पैसा देणारे डंडी शहरातले गिरणीमालक. त्या शहरातल्या गिरण्यांना कच्चा ताग बंगालमधून जाई; तेव्हा त्या होडीच्या नावामागे बंगाली शेतकऱ्याचाही थोडा घाम आहे, असे म्हटले तर ते फार ओढूनताणून होणार नाही.

आता सुताराकडे वळू. हॅरी मॅकनिश हा स्कॉटलंडचा. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. बर्फावर असतानाच त्याने मोडक्या जहाजाचे खिळे उपसून या होडीच्या बाजू फळ्यांनी उंच केल्या होत्या. एलिफंट बेटावर त्याने तिला पाटण घातले. म्हणजे उघड्या होडीवर छप्पर केले. साहित्य काय? घसरगाड्यांच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणे आणि शिडाचे कापड. कापड गोठून पत्र्यासारखे ताठ झालेले. ते आधी ऊब देऊन मऊ करावे, मग दाभणाने शिवावे, असे चालले होते. फळ्यांच्या सांध्यांत दिव्याच्या वाती ठोकल्या, त्यांवर मोहिमेतल्या चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचे रक्त फासले. आपल्या कोकणातले खलाशी ज्याला कालापाती म्हणतात तेच हे काम, फक्त सामान उसनवारीचे! लाटेवर होडीची कंबर मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आत तळाशी करकचून बांधली.

तोल राहावा म्हणून तळाशी नीरम घालावे लागते. त्यासाठी घोंगड्यांच्या पिशव्या शिवून त्यांत वाळूखडी भरली. यावरून मतभेद झाला. वॉर्स्ली हा जहाजाचा कप्तान. त्याचे म्हणणे, इतक्या वजनाने होडी जड होईल आणि लाटा अंगावर घेईल. शॅकल्टनला होडी उलटण्याची धास्ती अधिक. माझ्या मते दोघेही बरोबर होते: होडी उलटली नाही, आणि सोळा दिवस तिच्यात कोणी कोरडा राहिला नाही.

पाणी काढण्यासाठी एक पंप होता. जहाजाच्या होकायंत्राशेजारच्या लोखंडी दांड्याचे नळीसारखे आवरण काढून मोहिमेच्या छायाचित्रकाराने, हर्लीने, तो आधीच बनवून ठेवला होता.

२४ एप्रिल १९१६ ला सहा जण निघाले. पाळी चार तासांची, एका वेळी तिघांची: एक सुकाणूवर, एक शिडापाशी, एक पाणी काढायला. म्हणजे उपसणे हे संकटातले काम राहिलेच नाही, ते सुकाणू धरण्यासारखे रोजचे झाले. या मोहिमेवर पुष्कळ लिहिले गेले, पण या वाटणीकडे लक्ष थोड्यांचेच गेलेले दिसते. पुढे उडणारे पाणी कापडावर गोठू लागले. होडी बर्फाने जड होऊन बसू लागली, तेव्हा एकेकाने त्या निसरड्या पाटणावर पालथे रांगत जाऊन कुऱ्हाडीने बर्फ फोडावा. जास्तीची वल्ही टाकली, भिजून कुजलेल्या झोपायच्या पिशव्याही टाकल्या. ५ मेच्या मध्यरात्री शॅकल्टनला मागे आकाशात पांढरी रेघ दिसली. आभाळ उजळले असे त्याला वाटले. ती एका प्रचंड लाटेची शेंडी होती. होडी निम्मी भरली. हाताला लागेल त्या भांड्याने सहाही जण उपसत राहिले आणि होडी वर आली. तिथे पाटण नसते, तर उपसायला कोणी उरलेच नसते.

१० मे रोजी ते साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागले. मागे राहिलेले बावीसही जण ३० ऑगस्टला, चिलीच्या एका बोटीने, जिवंत परत आणले.

यानंतर ध्रुवपदके वाटली गेली. मॅकनिशला ते मिळाले नाही. डिसेंबर १९१५ मध्ये बर्फावरून होड्या ओढताना तो अडून बसला होता: जहाज बुडाले, आता करार संपला, हुकूम कसला, असा त्याचा वाद. त्याआधी, जहाज सोडल्यावर, शॅकल्टनच्या हुकुमाने त्याच्या लाडक्या मांजराला गोळी घालण्यात आली होती, हेही विसरू नये. शिस्तीच्या बाजूने शॅकल्टनचा राग समजण्यासारखा आहे. परंतु ज्या पाटणाखाली तो स्वतः सोळा दिवस जगला ते पाटण घालणाऱ्याला त्याने यादीतून वगळावे, हे मला कधीच पटलेले नाही. मोहिमेचे डॉक्टर मॅकलिन यांनाही तो अन्याय वाटला.

मॅकनिश १९३० साली न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टन येथे, दारिद्र्यात वारला. होडी आज लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. सुताराच्या थडग्यावर पदक नाही. २००४ मध्ये तिथे काशाचे एक मांजर बसवले आहे.