पासोडी, युनिक्स आणि भरलेली डिस्क

लिहायला जागाच उरली नाही तर? आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ चक्क कापडावर लिहिलं. कागद कमी पडला म्हणून, असं लोक सांगतात. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनाही जागा पुरेना. युनिक्सची मुख्य डिस्क भरली. मग काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर, युजरांच्या फायली असलेल्या ‘यूएसआर’मध्ये हलवले. ती अडचण कधीच संपली, पण नाव टिकलं. आजही लिनक्सचे बहुतेक प्रोग्रॅम तिथेच असतात. म्हणून सिस्टीम पार्टिशन भरलं आणि हा फोल्डर सगळ्यात मोठा दिसला, तरी त्यातलं हाताने काही उडवू नका. मशीन कदाचित सुरूच होणार नाही!

आधी ‘डीएफ’ कमांडने कुठलं पार्टिशन भरलंय ते बघा, मग ‘डीयू’ने जागा कोण खातंय ते शोधा. बहुतेकदा ‘व्हार’मधले लॉग, डाउनलोड झालेली पॅकेजेस नाहीतर जुने कर्नल सापडतात. पॅकेजेस आणि कर्नल पॅकेज मॅनेजरकडूनच काढा, चालू कर्नल मात्र ठेवा. जागा करायची तर आधी काय जपायचंय ते ठरवा.