मुलांचें रक्षण : सरकार आणि शेजार

बीडहून मांजरसुंब्यावरून केजकडे जातांना नेकनूर हें बाजारपेठेचें गांव लागतें. बंकटस्वामींच्या मठामुळें वारकऱ्यांस तें ठाऊक आहे. बालाघाटाच्या आसपासच्या खेड्यांस तें बाजारासाठीं, पोलीस ठाण्यासाठीं व स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयासाठीं ठाऊक आहे. दसरा झाला कीं या टापूंतील कोरडवाहू वाड्यावस्त्यांवरून ऊंसतोडीस निघालेल्या कुटुंबांचीं वाहनें रस्त्यास लागतात. पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांवर हीं माणसें पांचसहा महिने राहतात. मागें उरतात तीं म्हातारीं माणसें आणि कांहीं मुलें. हीं मुलें कोणाचीं, असें आम्ही विचारलें तर वाचक हंसतील. आईबापांचीं, दुसऱ्या कोणाचीं? परंतु आईबाप दूर फडावर असतां त्यांची काळजी कायद्यानें कोणावर पडते आणि प्रत्यक्षांत ती कोण वाहतो, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आमच्याकडे या कामाचा आरंभ सरकारनें केला नाहीं. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें, तेव्हां त्यांच्या पाठीशीं ना अनुदान होतें, ना कायदा. संकटांत सांपडलेल्या विधवेनें तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें आणि हवें तर मूल तेथेंच ठेवून जावें, एवढीच व्यवस्था. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा असाच मुलगा त्या दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. पंढरपुरास १८७५ सालीं प्रार्थनासमाजाच्या आश्रयानें अशाच प्रकारचा बालकाश्रम निघाला. त्याचे प्रवर्तक लालशंकर उमियाशंकर हे सरकारी न्यायखात्यांतील अधिकारी होते. म्हणजे या कामांत सरकारचा माणूस आला. सरकार अद्याप यावयाचें होतें.

सरकार आलें तें निराळ्या दारानें. त्यास प्रथम दिसला तो टाकलेला मुलगा नव्हे, तर चोरी करणारा मुलगा. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या देणगीवर १८५७ सालीं सुरू झालेली उद्योगशाळा अशा मुलांसाठींच होती. संरक्षण हा शब्द कायद्यांत येण्यास पुढें साठांहून अधिक वर्षें लागलीं. इंग्लंडांत १९०८ सालीं मुलांचा कायदा झाला. हिंदुस्थानांत १९१९-२० च्या तुरुंग-समितीनें मुलांस तुरुंगापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. मग मद्रासनें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं व मुंबईनें १९२४ सालीं आपापले कायदे केले. गंमत अशी कीं, मुंबईचा कायदा होऊन तीन वर्षें तो पुस्तकांतच राहिला. १९२७ सालीं ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हां कोठें मुंबई शहरांत त्याचा अंमल सुरू झाला. कायदा सरकारचा, पैसा बराचसा सरकारचा. पण मुलास निजावयास जागा देणारी व त्याच्या घरची चौकशी करणारी संस्था मात्र नागरिकांची. हीच घडी पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत बसली. जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना असें बोजड नांव धारण करणाऱ्या ज्या संस्था महाराष्ट्रांत निरीक्षणगृहें चालवितात, त्या याच वंशांतल्या.

बीड मात्र या वंशावळींत उशिरां आलें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू झालेला शारदा कायदा येथें लागू नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, तोंवर मुंबईच्या पहिल्या बालकायद्यास तीस वर्षें उलटून गेलीं होतीं.

त्यानंतरचे कायदे आम्ही भराभर ओलांडतों. २००० सालच्या कायद्यानें बालकल्याण समित्यांत बसणाऱ्या नागरिकांस दंडाधिकाऱ्याचे अधिकार मिळाले. २००६ सालच्या कायद्यान्वयें ग्रामसेवक हा गांवापुरता बालविवाहप्रतिबंधक अधिकारी झाला. २००९ सालच्या केंद्रीय योजनेनें गांवोगांव बालसंरक्षण समिति असावी असें ठरविलें. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक. कागदावर ही रचना निर्दोष आहे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४० हून अधिक स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें आढळलें.

याचें कारण अज्ञान म्हणून सांगण्याची आम्हां शिकलेल्यांस फार संवय. ऊंसतोडींत नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून हंगामापूर्वीं लग्न उरकलें तर मुलाच्या घरीं एक पुरा कोयता वाढतो, आणि मुलीच्या घरीं वयांत आलेली मुलगी म्हातारीच्या भरंवशावर ठेवण्याची किंवा फडावरच्या पालांत नेण्याची धास्ती मिटते. हा हिशोब सरपंचास कळतो, पोलीस पाटलास कळतो. त्यांस लग्नाची पत्रिकाहि आलेली असते.

फुले आणि पंढरपूरची मंडळी समाजाच्या प्रतिनिधि नव्हत्या. समाजाशीं भांडून, त्याच्या शिव्या खाऊन त्यांनीं मुलें वांचविलीं. आजची समिति गांवाची प्रतिनिधि आहे, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र गांवाशीं भांडण्याची. शेजाऱ्यास सर्व माहीत असतें हें खरें. पण शेजाऱ्यास शेजारींच राहावयाचें असतें. आम्ही स्वतः याच जिल्ह्यांतील एका लग्नांत अक्षता टाकून, जेवून परत आलों आहों. नवरी बोहल्यावर उभी होती ती शाळेंतलीच दिसत होती. तिचें वय विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. सुचलें, आणि विचारलें नाहीं.

म्हणूनच १०९८ या दूरध्वनि-क्रमांकाचें आम्हांस महत्त्व वाटतें. १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून तो मुंबईंत सुरू झाला, पुढें देशभर गेला आणि २०२३ मध्यें बहुतेक राज्यांत सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्यावर बोलणाऱ्यास आपलें नांव गांवांत उघडें करावें लागत नाहीं.

दुसरा उपाय भांडणाचा नव्हे, पंगतीचा आहे. हंगामी वसतिगृह म्हणून तो ओळखला जातो. आईबाप फडावर गेले कीं शाळेची व्यवस्थापन समिति सरकारी पैशांतून मागें राहिलेल्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करते. पुष्कळ ठिकाणीं मुलें रात्रीं आजीपाशीं निजतात. पटावरचीं मुलें आणि पानावरचीं मुलें यांचा मेळ बसत नाहीं अशा तक्रारी झाल्या आहेत, व त्यांची तपासणी कडक झालीच पाहिजे. पण येथें समितीस कोणाचें लग्न मोडावयाचें नसतें; भाकरी थापणारी बाई गांवांतलीच, आणि मुलगी शाळेंत टिकली तर लग्नाचा विषय आपोआप पुढें ढकलला जातो.

मात्र ही सोय आठवीपर्यंतच. पुढच्या इयत्तांतील मुलांसाठीं राज्य सरकारनें २०२१ सालीं ऊंसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली, तालुक्यास मुलांचें एक आणि मुलींचें एक, प्रत्येकांत शंभर जागा. नववीस जाणारी मुलगी साधारण चौदा वर्षांची असते. एकट्या बीड तालुक्यांत शंभर जागांस अशा मुली किती, हें दसऱ्याच्या सुमारास नेकनूरच्या रस्त्यावर उभें राहिल्यास सहज दिसतें.