'उडणारा' कोळी उडतच नाही!

संशोधनाची वही सुरू करताय ना? मग त्यात दोन रकाने पाडा : 'काय दिसलं' आणि 'काय वाटलं'. का, ते पाच मिलिमीटरच्या एका कोळ्याच्या इतिहासावरून बघू.

1874 साली इंग्लंडमधले धर्मगुरू आणि कोळी-अभ्यासक ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नराच्या उदराला दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या झडपा होत्या. सिडनीहून कळलेली माहिती अशी, की त्या पंखांसारख्या पसरून तो झेप लांबवतो. म्हणून नाव पडलं 'व्होलान्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'उडणारा'. पण टेबलावर होता तो मेलेला नमुना. त्यात झडपेची रचना दिसते, वापर दिसत नाही.

जिवंत कोळ्यांकडे कुणी बघतच नव्हतं असं नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे प्रणयनृत्य निरखून 1889 मध्ये त्यावर निबंध लिहिला. 'व्होलान्स'ची उड्डाणकथा मात्र चालूच राहिली.

2005 मध्ये सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यानात युर्गेन ऑटो यांना हा कोळी दिसला. त्यांचा विषय खरं तर माइट्स, कोळ्यांचे फोटो हा छंद. पुढे त्यांनी जिवंत नरांचे फोटो आणि व्हिडिओ घेतले. मॅक्रो लेन्समध्ये फोकसची जाडी जेमतेम मिलिमीटरभर, आणि समोरचा प्राणी क्षणात उडी मारणारा! म्हणजे चिकाटी किती लागली असेल बघा. त्या चित्रणात स्पष्ट दिसलं : नर मादीसमोर झडपांचा पिसारा उभारतो, तिसरी पायांची जोडी उंचावतो आणि नाचतो. ऑटो आणि डेव्हिड हिल यांचं हे काम 'पेकहॅमिया' या नियतकालिकात आलं. नाव त्याच दांपत्यावरून!

म्हणून नमुने निरुपयोगी असं समजू नका. कोळ्याची प्रजात ठरवताना बऱ्याचदा जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते; ती बागेतल्या फोटोत दिसत नाही. दोन्ही पुरावे लागतात, फक्त कुठला पुरावा कुठल्या प्रश्नाला उत्तर देतो हे आपल्याला माहीत हवं.

तेव्हा कुंडीतल्या पानावरच्या कोळ्याचा फोटो काढाल तर तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि त्याची हालचाल लगेच लिहा. अंदाज दुसऱ्या रकान्यात. कारण अंदाज चुकला तरी कागदावर टिकतो : नामकरणाच्या नियमांनुसार अर्थ चुकीचा ठरला म्हणून नाव बदलत नाही. हा कोळी आजही 'मॅरेटस व्होलान्स'च आहे.