टपालयादीचे कारभारी

शाळेतली सूचनावही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मुख्याध्यापकांनी सूचना लिहायची, शिपायाने वही वर्गावर्गातून फिरवायची आणि प्रत्येक शिक्षकाने आपल्या नावापुढे सही करायची. यातले सूचना लिहिण्याचे काम पाच मिनिटांचे असते. चिकाटीचे काम असते ते नावांच्या यादीचे. नवे शिक्षक रुजू झाले, कोणाची बदली झाली, कोणी दीर्घ रजेवर गेले, दोन पाटील सर आहेत त्यांतले नेमके कोणते, हे वेळच्या वेळी यादीत उतरले नाही तर सूचना नको तिथे पोचते आणि हवी तिथे पोचत नाही.

संगणकांच्या जाळ्यावरून एकच पत्र अनेकांना पाठवण्याची सोय झाली तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. पत्राच्या प्रती काढणे यंत्राला सोपे होते. पण यादी कोणी सांभाळायची? या प्रश्नाचा इतिहास म्हणजे माणसाच्या हातातले एकेक काम एका ओळीच्या आज्ञेत बसवून यंत्राकडे सोपवण्याचा इतिहास आहे. कोणते काम अशा ओळीत बसले आणि कोणते बसले नाही, हे पाहणे उद्‌बोधक ठरते.

हाताने चालणारी यादी

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संस्थेने उभारलेल्या आर्पानेट जाळ्यावर जून १९७५ मध्ये स्टीव्ह वॉकर यांनी 'मेसेज ग्रुप' नावाची टपालयादी सुरू केली. चर्चेचा विषय होता खुद्द इलेक्ट्रॉनिक टपाल. पुढे या यादीची व्यवस्था आयनार स्टेफरूड पाहू लागले. सुरुवातीला प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे यायचे आणि मग ते स्वतः ते सर्वांना पुन्हा पाठवायचे. म्हणजे सूचनावहीचा शिपाई आणि यादीचा कारकून ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे होती. पत्रे पुढे पाठवण्याचे काम काही काळाने यंत्राकडे गेले.

युनिक्स प्रणालीच्या संगणकांवर पुढची पायरी आली. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला 'सेंडमेल' हा टपाल हाताळणारा प्रोग्रॅम १९८३ पासून बर्कली युनिक्सबरोबर मिळू लागला. त्यात 'एलियासेस' नावाची एक साधी मजकूर-फाइल असे. एका ओळीत यादीचे नाव, मग अपूर्णविरामाचे चिन्ह आणि त्यापुढे स्वल्पविराम देत सभासदांचे पत्ते. यादीत बदल करून 'न्यूएलियासेस' ही आज्ञा टंकली की टपालव्यवस्था नवी यादी वाचून घ्यायची.

व्यवस्था सुटसुटीत होती. अडचण एवढीच की ही फाइल उघडण्याचा अधिकार फक्त संगणकाच्या व्यवस्थापकाला असे. म्हणून एक प्रथा पडली. यादीच्या नावाला जोडरेघ देऊन 'रिक्वेस्ट' हा शब्द जोडायचा आणि त्या पत्त्यावर आपली विनंती पाठवायची. ते पत्र सर्वांना न जाता व्यवस्थापकाकडे जाई. 'माझे नाव घाला', 'माझे नाव काढा', 'माझा पत्ता बदलला' अशी पत्रे रोज वाचून फाइल दुरुस्त करणे हे त्याच्या मूळ कामाबाहेरचे काम होऊन बसले.

बिटनेट आणि पॅरिसचा विद्यार्थी

१९८१ मध्ये न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाचे आयरा फ्यूक्स आणि येल विद्यापीठाचे ग्रेडन फ्रीमन यांनी आपल्या संगणकांना जोडणारे बिटनेट सुरू केले. नव्याने सामील होणाऱ्या संस्थेने जवळच्या सभासद संस्थेपर्यंत टेलिफोनची तार भाड्याने घ्यायची, एवढाच मुख्य नियम. त्यामुळे जाळ्याचा आकार झाडासारखा झाला. पत्र एका संगणकावर पूर्ण पोचायचे, तिथे साठायचे आणि मग पुढच्या संगणकाकडे निघायचे.

येथे थोडे गणित करून पाहू. तारेचा वेग सेकंदाला ९६०० बिट धरू. दहा पानांच्या लेखात २५,००० अक्षरे, प्रत्येक अक्षराला ८ बिट, म्हणजे २ लाख बिट. एक प्रत जायला सुमारे २१ सेकंद लागतील. अमेरिकेतून युरोपातल्या १०० सभासदांना वेगवेगळ्या १०० प्रती पाठवल्या तर समुद्रापलीकडे जाणारी तार सुमारे ३५ मिनिटे अडून राहील. आणि हा झाला एका यादीवरचा एकच लेख.

बिटनेटच्या माहिती केंद्रात 'लिस्टसर्व्ह' नावाचा प्रोग्रॅम होता. तो पत्रांचे वाटप करी, पण नावे घालण्या-काढण्याचे काम कर्मचाऱ्यांकडेच होते. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थी एरिक तोमा याने १९८६ मध्ये याच नावाचा नवा प्रोग्रॅम लिहिला आणि चित्र बदलले. आता वाचकाने एक ओळ पाठवायची: 'सबस्क्राइब', यादीचे नाव आणि स्वतःचे नाव. पत्ता टंकायची गरज नाही, तो यंत्र पत्राच्या शीर्षभागातून उचलून घेई. यादी सोडायची असेल तर 'साइनऑफ', सभासद कोण ते पाहायचे असेल तर 'रिव्ह्यू'. यादीच्या मालकालाही 'अ‍ॅड' आणि 'डिलीट' अशा आज्ञा पत्रातूनच देता येत. मालक यादीच्या संगणकापाशी असण्याचे कारण उरले नाही.

तोमाने तारांचा प्रश्नही सोडवला. दिवाळी अंकांच्या प्रती मुंबईहून नागपूरला एकेकट्या न पाठवता एकच गठ्ठा पाठवावा आणि तो नागपुरात सोडून वाटावा, तशी ही युक्ती. जागोजागचे लिस्टसर्व्ह एकमेकांना आणि झाडाच्या फांद्यांना ओळखत. समुद्रापलीकडे एकच प्रत आणि तिच्यासोबत १०० नावे जात. फांद्या फुटतील तिथे प्रती निघत. आपल्या हिशेबातली ३५ मिनिटे अशी अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतात. 'डिस्ट्रिब्यूट' नावाची ही पद्धत १९९३ मध्ये आरएफसी १४२९ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली.

आज्ञा पत्रात होती म्हणून

या एका ओळीच्या आज्ञांचे मोल दूरच्या संशोधकाला विशेष कळले. छपाईपूर्व निबंधाच्या प्रती श्रीमंत विद्यापीठे एकमेकांना टपालाने पाठवत. आपल्याकडे त्या पोचायला आठवडे लागत आणि अनेकदा पोचतच नसत. प्रत कोणाला पाठवायची हे पाठवणाऱ्याच्या ओळखीवर अवलंबून असे. यादीत नाव असणे किंवा नसणे म्हणजे चर्चेत असणे किंवा नसणे.

सैद्धांतिक भौतिकीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्स्टन येथील जोअ‍ॅन कोन निबंधांच्या फाइली एका टपालयादीवरून हाताने पाठवू लागल्या. १९९१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अ‍ॅस्पेन येथे भरलेल्या एका कार्यशाळेत एका भौतिकशास्त्रज्ञाने चिंता बोलून दाखवली, की आपण प्रवासात असताना असे निबंध येत राहिले तर संगणकावर आपल्याला नेमून दिलेली जागा भरून जाईल. हे ऐकून लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या पॉल गिन्सपार्ग यांनी वाटपाची दिशाच उलटी केली. सभासदांना फक्त निबंधांचे सारांश पाठवायचे. पूर्ण निबंध हवा असेल त्याने 'गेट' हा शब्द आणि निबंधाचा क्रमांक पाठवायचा, यंत्र तो धाडून देई. ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था पुढे 'अर्काइव्ह' या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

भारतात तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये सुरू केलेले अर्नेट आकाराला येत होते. त्यावरची पहिली पत्रे मुंबईतील एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी यांच्यात गेली. सुरुवातीच्या काळात टेलिफोन फिरवून, साठलेली पत्रे एकदम द्यायची-घ्यायची अशी रीत होती. पुढे एनसीएसटीतून अमेरिकेशी जोडणी झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लेखकांचे त्या काळच्या निबंधांवरचे पत्ते 'टीआयएफआरव्हॅक्स' आणि त्यापुढे 'बिटनेट' असे दिसतात. संगणकांचा सतत थेट संपर्क लागणारी कोणतीही सोय अशा मंद जोडणीवर निरुपयोगी ठरली असती. पत्रात लिहिलेली आज्ञा मात्र थांबू शकते. ती रात्रभर एखाद्या संगणकावर पडून राहिली तरी तिचा अर्थ बदलत नाही. मुंबईहून आलेली 'गेट' आणि हार्वर्डहून आलेली 'गेट' यांत यंत्र फरक करत नव्हते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

घराचा कारभारी

इंटरनेटवर युनिक्स संगणक वाढले तशी 'रिक्वेस्ट' पत्रेही वाढली. ब्रेंट चॅपमन यांनी पर्ल भाषेत लिहिलेला 'मेजरडोमो' १९९२ मध्ये आला. मेजरडोमो म्हणजे मोठ्या घराचा कारभारी. त्याविषयीच्या निबंधाचे शीर्षकच बोलके आहे: 'रिक्वेस्ट' पत्रांना उत्तर न देता आपण १७ टपालयाद्या कशा सांभाळतो, असा त्याचा आशय.

यातली 'अप्रूव्ह' ही आज्ञा पाहण्यासारखी आहे. यादी सर्वांना खुली नसेल तर प्रवेशाचा अर्ज यंत्र मालकाकडे पाठवी. मालक उत्तरादाखल एक ओळ लिही: 'अप्रूव्ह', परवलीचा शब्द, 'सबस्क्राइब', यादीचे नाव, अर्जदाराचा पत्ता. निर्णय माणसाचा, अंमलबजावणी यंत्राची. उणीवही याच ओळीत आहे: परवलीचा शब्द साध्या पत्रात उघडा प्रवास करी.

परत आलेली पत्रे

यादी सांभाळण्यातला सर्वांत त्रासाचा भाग म्हणजे पत्ता न सापडलेली पत्रे. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी या टपालनियमांत पाकीट आणि आतले पत्र यांत फरक केला आहे. पत्रावर लेखकाचे नाव असते. न पोचल्यास परत कोठे पाठवायचे तो पत्ता पाकिटावर असतो. यादीच्या पाकिटावर मालकाचा पत्ता हवा. तिथे चुकून यादीचाच पत्ता पडला तर काय होईल? एका सभासदाचा पत्ता बंद झाला, परतीची सूचना यादीकडे आली, यादीने ती सर्वांना वाटली, त्यात तो बंद पत्ताही आला, तिथून पुन्हा सूचना. कोणी थांबवेपर्यंत हे चक्र फिरत राहील.

शिवाय पत्र वाटेत दुसऱ्या पत्त्यावर वळवलेले असेल तर नेमका कोणता सभासद हरवला हे परतीच्या सूचनेवरून कळत नसे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात यावर उपाय काढला. प्रत्येक पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यातच त्या सभासदाचा पत्ता गुंफायचा. पाकीट परत आले की कोणाचे ते आपोआप कळते. त्यासाठी प्रत्येकाला वेगळे पाकीट लागते, म्हणजे तोमाने वाचवलेल्या प्रती पुन्हा खर्च होतात. तारा रुंद झाल्या होत्या म्हणूनच ही चैन परवडली.

चौकटी आल्या, आज्ञा राहिल्या

जॉन व्हिएगा यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या 'मेलमन'ने यादीचा कारभार पडद्यावरच्या चौकटींत आणला. तरीही त्याच्या दुसऱ्या मालिकेत 'न्यूलिस्ट', 'अ‍ॅड मेंबर्स', 'लिस्ट मेंबर्स', 'रिमूव्ह मेंबर्स' अशा आज्ञांचा संच संगणकावर बसून टंकण्यासाठी होताच. २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतही 'मेलमन' या एका आज्ञेखाली अशी कामे करता येतात. कारण उघड आहे. ५०० नव्या विद्यार्थ्यांची नावे फाइलमध्ये असतील तर एका ओळीत काम होते. महिन्याची यादी फाइलमध्ये उतरवून मागच्या महिन्याच्या फाइलशी ताडून पाहता येते.

दुसऱ्या मालिकेतली 'आरएमलिस्ट' ही आज्ञा यादी पुसून टाकते. पण वेगळे सांगितल्याशिवाय त्या यादीवरच्या जुन्या पत्रांचा साठा पुसत नाही. सभासद पांगले तरी झालेली चर्चा राहावी, हा विचार कोणा माणसाने आधी केला आणि मग तो आज्ञेत घातला.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना शाळेच्या विज्ञान मंडळाच्या सभासद-यादीची सर्व कामे लिहायला सांगावीत आणि प्रत्येक कामासाठी एका ओळीची आज्ञा रचायला लावावी. नाव घालणे, काढणे, मोजणे चटकन जमेल. 'वर्गणी भरू न शकलेल्या मुलाला सभासद करावे का' हा प्रश्न फळ्यावर तसाच राहील. तेथून पुढची चर्चा विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.