दुसऱ्या महायुद्धातील पोर्तुगालची तटस्थता आणि मुरगाव बंदर

प्रस्तावना

१९४३ या एकाच वर्षात गोव्यातील मुरगाव बंदराने परस्परविरोधी स्वरूपाच्या दोन घटना पाहिल्या. ९ मार्चच्या रात्री बंदरात आश्रय घेऊन उभ्या असलेल्या जर्मन जहाजांवर ब्रिटिशांनी गुप्त छापा घातला आणि अक्ष राष्ट्रांची चार जहाजे जळाली वा बुडाली. पुढे ऑक्टोबर महिन्यात त्याच बंदरात अमेरिका आणि जपान या परस्परांशी लढणाऱ्या देशांनी एकमेकांच्या ताब्यातील सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची शांतपणे अदलाबदल केली. पहिल्या घटनेत तटस्थ बंदराचा भंग झाला, तर दुसरीत त्याच तटस्थतेचा दोन्ही पक्षांनी आधार घेतला. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, म्हणूनच या दोन्ही घटना तेथे घडू शकल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या मराठीतील इतिहासलेखनात युद्धमान राष्ट्रांच्या मानाने तटस्थ राष्ट्रांचा विचार फार थोडा झालेला आहे. झाला तरी तो बहुधा स्वित्झर्लंडपाशी थांबतो. वास्तविक ज्या तटस्थ राष्ट्राची सीमा कारवार आणि सावंतवाडीला लागून होती, त्याचा विचार येथील अभ्यासकाने आधी करावयास हवा. पोर्तुगालची तटस्थता कशासाठी होती आणि तिचे मोल कोणी चुकते केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

तटस्थतेची पार्श्वभूमी

१९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ राष्ट्राच्या भूमीवर व सागरी हद्दीत युद्धमान राष्ट्रांना कोणतीही युद्धकृती करता येत नाही. तटस्थ राष्ट्रानेही कोणत्याही एका पक्षाला लष्करी साहाय्य द्यावयाचे नसते. मात्र व्यापाराच्या बाबतीत हे करार पुष्कळ सैल आहेत. आपल्या नागरिकांनी युद्धमानांना माल विकू नये, असे बंधन तटस्थ शासनावर नसते. या सैलपणाचा पोर्तुगालने पुरेपूर उपयोग करून घेतला.

सप्टेंबर १९३९ च्या आरंभीच पोर्तुगालने तटस्थता जाहीर केली, तेव्हा त्या देशाची सत्ता आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार यांच्या हाती एकवटलेली होती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री व १९३२ मध्ये पंतप्रधान झाले. १९३६ पासून परराष्ट्र खातेही त्यांनी स्वतःकडे घेतले होते. त्यामुळे पोर्तुगालच्या तटस्थतेचा अभ्यास हा पुष्कळ अंशी एका व्यक्तीच्या हिशेबी स्वभावाचा अभ्यास ठरतो.

हा हिशेब समजण्यासाठी दोन जुन्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे इंग्लंडशी असलेली मैत्री. १३७३ चा करार आणि १३८६ चा विंडसरचा तह यांनी हे दोन देश बांधलेले होते. परंतु याच मित्राने १८९८ मध्ये जर्मनीशी गुप्त करार करून पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींच्या संभाव्य वाटणीची बोलणी केली होती. दुसरी गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या अनुभवाची. १९१६ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या विनंतीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे जप्त केली. परिणामी ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने युद्ध पुकारले. त्या युद्धात उतरण्यामागे वसाहती राखण्याचा हेतू होताच. पदरात मात्र फ्लँडर्सच्या रणभूमीवरील मनुष्यहानी आणि कर्जाचा बोजा पडला व प्रजासत्ताकाची घडी विस्कटली. या अनुभवानंतर वसाहती युद्धात न उतरता राखावयाच्या, हा निष्कर्ष सालाझार यांनी काढला असल्यास नवल नाही. त्यांच्या धोरणाचा गाभा युद्धाविषयीच्या तिरस्कारापेक्षा साम्राज्याच्या चिंतेत शोधावा लागतो.

ब्रिटननेही १९३९ मध्ये जुन्या कराराचा हवाला देऊन पोर्तुगालला युद्धात ओढले नाही. पोर्तुगाल युद्धात उतरला असता तर त्याच्या रक्षणाचा भार ब्रिटनवरच पडला असता आणि फ्रँकोचा स्पेन जर्मनीच्या बाजूला झुकण्याचा धोका वाढला असता. मार्च १९३९ मध्ये स्पेन व पोर्तुगाल यांच्यात मैत्री व अनाक्रमणाचा करार झाला होता. जुलै १९४० मध्ये, फ्रान्सच्या पाडावानंतर, त्याला पूरक मसुदा जोडण्यात आला. अशा रीतीने पोर्तुगालची तटस्थता त्या टप्प्यावर ब्रिटनच्याही सोयीची होती.

टंगस्टनचा व्यापार

चिलखत भेदणारे तोफगोळे आणि पोलाद कापणारी हत्यारे यांसाठी टंगस्टन हा धातू अत्यावश्यक असतो. युरोपात त्याच्या खनिजाचे, म्हणजे वुल्फ्रमचे, सर्वांत मोठे साठे पोर्तुगालमध्ये होते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि सैबेरियामार्गे चीनकडून येणारा पुरवठा जर्मनीने स्वतःच्याच हाताने तोडला. त्यानंतर पोर्तुगालच्या डोंगराळ भागात जे घडले त्याला सोन्याच्या शोधातील झुंबडीखेरीज दुसरी उपमा नाही. वुल्फ्रमचे भाव अनेक पटींनी चढले. शेतकरी शेती टाकून कुदळी घेऊन डोंगरात गेले. पानाश्केइरा येथील सर्वांत मोठी खाण ब्रिटिश मालकीची, तर इतर अनेक खाणी जर्मनांच्या हातात, अशी स्थिती होती. युद्धमान देशांचे खाणमालक एकाच डोंगररांगेत शेजारी शेजारी उत्खनन करीत होते, हे दृश्य तटस्थतेच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोलके आहे.

१९४२ च्या आरंभी सालाझार शासनाने हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला आणि दोन्ही पक्षांसाठी वाटे ठरवून दिले. जर्मनीने मोबदल्यात पोलाद, रसायने व अन्य माल दिला आणि सोनेही दिले. या सोन्याचा काही भाग व्याप्त देशांच्या मध्यवर्ती बँकांतून लुटलेला होता, हे युद्धानंतर उघड झाले. दोस्त राष्ट्रांशी वर्षानुवर्षे वाटाघाटी होऊन १९५३ मध्ये पोर्तुगालने सुमारे ४ टन सोने परत करण्याचे मान्य केले. ब्रिटनला मात्र पोर्तुगालने माल मोठ्या प्रमाणावर उधारीवर दिला. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन हा पोर्तुगालचा मोठा ऋणको होता. एका पक्षाला रोखीने व दुसऱ्याला उधारीने विकणे यालाही एक प्रकारचा कल म्हणावा लागतो, आणि तो ब्रिटनच्या बाजूचा होता. वुल्फ्रमची निर्यात संपूर्ण बंद झाली ती जून १९४४ मध्ये, दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरण्याच्या सुमारास. तोवर युद्धाचा निकाल पुरेसा स्पष्ट झालेला होता.

याच काळात लिस्बन हे नाझी सत्तेपासून पळणाऱ्या निर्वासितांचे युरोपातील अखेरचे दार बनले. त्या दाराचे श्रेय शासनाला देताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जून १९४० मध्ये बोर्दो येथील पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्तिदेश द सोझा मेंदेश यांनी शासनाचा आदेश डावलून हजारो निर्वासितांना प्रवेशपत्रे दिली. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि १९५४ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

तिमोर आणि अझोर्स

तटस्थतेचे कवच सर्वत्र सारखे जाड नव्हते. १७ डिसेंबर १९४१ रोजी, जपान युद्धात उतरल्यानंतर दहा दिवसांनी, ऑस्ट्रेलियन व डच सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये परवानगीवाचून उतरले. सालाझार यांनी तीव्र निषेध नोंदविला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले आणि सप्टेंबर १९४५ पर्यंत ते बेट जपानच्या ताब्यात राहिले. या काळात ४० ते ७० हजार तिमोरी लोक मृत्यू पावले असावेत, असा अंदाज केला जातो. ज्या देशाने आपल्या मायभूमीवर एकही बॉम्ब पडू दिला नाही, त्याच देशाच्या ध्वजाखाली राहणारे हे लोक होते. पोर्तुगालने युद्धाचा विध्वंस टाळला, हे पाठ्यपुस्तकी विधान त्यामुळे फक्त युरोपातील पोर्तुगालपुरते खरे ठरते.

तिमोरवरील आक्रमणानंतरही पोर्तुगालने जपानविरुद्ध युद्ध पुकारले नाही. तसे केल्यास मकावही गेले असते, हा विचार त्यामागे होता. पुढे हरवलेल्या तिमोरचा उपयोग वाटाघाटीतील एक मुद्दा म्हणून करण्यात आला. अटलांटिकमधील पाणबुडी-युद्धासाठी दोस्त राष्ट्रांना अझोर्स बेटांवर विमानतळ हवे होते. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटनशी करार झाला आणि ८ ऑक्टोबर रोजी ब्रिटिश तुकड्या बेटांवर उतरल्या. १२ ऑक्टोबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये हे जाहीर करताना १३७३ च्या कराराचा दाखला दिला. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेलाही सांता मारिया बेटावर सवलत मिळाली, तेव्हा तिमोरच्या मुक्ततेत पोर्तुगालचा सहभाग मान्य करण्यात आला.

तथापि अझोर्सच्या करारातील भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच आहे. तळ देण्याच्या मोबदल्यात ब्रिटनने पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्व कायम राहील, अशी हमी दिली. अमेरिकेनेही त्याच धर्तीचे आश्वासन दिले. ‘सर्व वसाहतीं’मध्ये गोवा, दमण व दीव यांचा अंतर्भाव होता, हे वेगळे सांगावयास नको. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाचे नेते तुरुंगात असताना, त्यांच्याच देशाच्या किनाऱ्यावरील एका भूभागाचे भवितव्य अटलांटिकमधील धावपट्ट्यांच्या बदल्यात असे बांधले जात होते.

मुरगाव : १९४३

या पार्श्वभूमीवर मुरगावकडे वळणे उचित ठरेल. युद्ध सुरू होताच ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन व्यापारी जहाजे या बंदरात आश्रयाला आली. इटली युद्धात उतरल्यावर ‘आन्फोरा’ या इटालियन जहाजाची त्यांत भर पडली. तटस्थ बंदरात व्यापारी जहाजांनी असा आश्रय घेणे नियमबाह्य नव्हते. एरेनफेल्सवरील गुप्त प्रक्षेपकाद्वारे दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पुरविली जाते, असा ब्रिटिश गुप्तचरांचा दावा होता. हा दावा प्रामुख्याने छापा घालणाऱ्या पक्षाकडूनच आलेला असल्याने तो जपूनच स्वीकारावा लागतो.

ब्रिटनला गोव्यात उघड सैन्य पाठविणे शक्य नव्हते. तसे केल्यास लिस्बनशी असलेले संबंध धोक्यात आले असते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या स्वयंसेवी दलांतील, बहुतांशी मध्यमवयीन व व्यापारी पेशाच्या मंडळींची निवड करण्यात आली. पकडले गेल्यास सरकारला हात झटकता यावेत, हाच त्यामागील उद्देश. कोचीनहून ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या सामान्य बार्जमधून ही माणसे मुरगावला पोहोचली. तारीख निवडताना गोव्याच्या पंचांगाचा विचार झालेला दिसतो. ९ मार्च १९४३ हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस होता आणि गाव उत्सवात रमलेले होते. एरेनफेल्सवर चकमक झाली, कप्तान व काही खलाशी मारले गेले आणि जहाज पेटले. ते पाहून इतर तीन जहाजांच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच बुडविली. छापा घालणारे अंधारात निघून गेले. गव्हर्नर-जनरल जुझे काब्राल यांच्या प्रशासनाच्या ताब्यात उरले ते जर्मन व इटालियन खलाशी. ब्रिटनने या कृत्याची जबाबदारी घेतली नाही. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ही हकिगत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. १९८० च्या ‘द सी वुल्व्हज’ या चित्रपटाने तिला शौर्यकथेचे रूप दिले. त्या शौर्यकथेत तटस्थ बंदराच्या भंगाचा प्रश्न अर्थातच बाजूला पडला.

या छाप्यानंतर काही महिन्यांतच अझोर्सची बोलणी सुरू झाली. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळावयास हवा. परंतु मुरगावच्या प्रकरणाने त्या बोलण्यांत अडथळा आला नाही, एवढे निश्चित म्हणता येते. तटस्थतेच्या भंगावर किती आवाज उठवावयाचा, हेही लिस्बनमधील हिशेबानेच ठरत होते.

ऑक्टोबरमधील अदलाबदलीत बंदराचे दुसरे रूप दिसले. जपानहून ‘तेइया मारू’ आणि अमेरिकेहून ‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडिश जहाज मुरगावला आले. मिशनरी, शिक्षक, व्यापारी, स्त्रिया व मुले असे प्रवासी एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढले. पहिली अदलाबदल १९४२ मध्ये लोरेन्सु मार्किश या मोझांबिकमधील, म्हणजे पोर्तुगीजच, बंदरात झाली होती. बंदिवासातून सुटलेल्या या तीन हजार माणसांच्या दृष्टीने तटस्थ बंदर ही केवळ कायद्याची संज्ञा नव्हती. मार्चच्या छाप्यानंतरही दोन्ही पक्षांना मुरगावखेरीज सोयीची जागा सापडू नये, यावरून तटस्थ भूमीची गरज किती खरी होती हे दिसते.

गोव्यातील सामान्य माणसाला तटस्थतेचा लाभ किती झाला, हा प्रश्न निराळा. गोव्यात पुरेसा तांदूळ पिकत नसे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर तेथील तांदूळ बंद झाला. कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे गोव्याला ब्रिटिश हिंदुस्थानशी जोडीत होती, म्हणजे मालाच्या वाटेची किल्ली एका युद्धमान सत्तेच्या हाती होती. मुंबईत राहून ब्रिटिश जहाजांवर चाकरी करणारे असंख्य गोमंतकीय खलाशी पाणतीरांच्या माऱ्यातून प्रवास करीत होते. कागदोपत्री ते तटस्थ देशाचे प्रजाजन होते, पोटासाठी मात्र ते युद्धात होते.

युद्धोत्तर परिणाम

मे १९४५ मध्ये हिटलरच्या मृत्यूनंतर पोर्तुगालच्या सरकारी इमारतींवरील ध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आले. ही तटस्थतेच्या शिष्टाचाराची परिसीमा होती. तरीही १९४९ मध्ये नाटो स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत हुकूमशाही पोर्तुगालला स्थान मिळाले, ते मुख्यतः अझोर्समुळे. तटस्थतेने सालाझार राजवटीला युद्धातून सुखरूप बाहेर काढले आणि तिच्याबरोबर १९३० च्या वसाहत कायद्याखालील राज्यव्यवस्थाही तशीच टिकली. ट्रिस्टाव ब्रागांझा कुन्हा यांनी गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील आपली पुस्तिका १९४४ मध्ये लिहिली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी सत्याग्रहाला प्रारंभ केला. ब्रिटिश हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतरही गोव्याला १४ वर्षे थांबावे लागले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोव्यात प्रवेश करण्याच्या सुमारास लिस्बनने लंडनला जुन्या मैत्रीच्या करारांची आठवण करून दिली. १९४३ मध्ये चर्चिल यांनी ज्याचा हवाला दिला होता, तोच करार या वेळी सालाझार यांनी पुढे केला. राष्ट्रकुलातील सदस्य देशाविरुद्ध लष्करी साहाय्य देता येणार नाही, अशी भूमिका ब्रिटनने घेतली. १९ डिसेंबर रोजी पणजीत तिरंगा फडकला.